दोन लूप आणि एकच ‘ते’

मजकुराच्या राशी उपसून हवे तेवढे वेचून काढण्यासाठी लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल ही संगणकभाषा आणली. कमी शब्दांत पुष्कळ काम, ही तिची ख्याती. या काटकसरीचाच एक भाग म्हणजे डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे अधोरेषा, एवढेच नाव असलेले व्हेरिएबल. मराठीत आपण ‘ते’ म्हणतो आणि कोणते ते संदर्भावरून ओळखतो. पर्लमध्ये हे चिन्ह तसेच वापरले जाते. सोय मोठी आहे, पण एका वाक्यात दोन ‘ते’ आले की जो घोटाळा होतो, तो येथेही होतो.

समजा, एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या बारा महिन्यांच्या खर्चाच्या बारा फाइली आहेत आणि विजेच्या खर्चाची बेरीज करावयाची आहे. प्रोग्रॅममध्ये एकाच्या पोटात दुसरे, अशी दोन लूप असतात. बाहेरचे लूप यादीतील एकेका फाइलचे नाव ‘ते’ म्हणून घेते. आतले लूप त्या फाइलमधील एकेक ओळ वाचते आणि तीही ‘ते’मध्येच ठेवते.

खरी गोम अशी, की बाहेरच्या लूपमधील ‘ते’ ही यादीतील नावाची प्रत नसते. यादीतील त्याच जागेचे ते टोपणनाव असते. त्यामुळे आतल्या लूपने वाचलेली प्रत्येक ओळ थेट यादीवर उमटते आणि फाइल संपली की त्या जागी काहीच उरत नाही. बेरजा मात्र अचूक येतात, कारण नाव पुसले जाण्यापूर्वीच फाइल उघडलेली असते! म्हणूनच संशय येत नाही. पुढे त्याच यादीवरून पाण्याच्या खर्चाची फेरी सुरू केली, की वाचायला काहीच हाती लागत नाही आणि बारा शून्ये छापली जातात. डिस्कवरील फाइलींना धक्का लागत नाही. स्मृतीतील यादी तेवढी नाहीशी होते.

फाइलींची नावे लूपच्या आज्ञेतच अक्षरशः लिहिलेली असतील, तर न बदलता येणारे मूल्य बदलल्याची तक्रार करून पर्ल थांबते. ते परवडले.

१९९४ सालच्या पाचव्या आवृत्तीने ‘माय’, म्हणजे ‘माझे’, हा शब्द दिला. दोन्ही लूपमधील व्हेरिएबलना वेगळी नावे देऊन त्यांमागे ‘माय’ लावले, की प्रत्येकाची सत्ता आपापल्या महिरपी कंसांपुरती राहते. २००७ साली खुद्द ‘ते’लाच ‘माय’ लावण्याची मुभा मिळाली होती. तिने गोंधळ वाढवला आणि २०१६ साली ती काढून टाकण्यात आली. व्हेरिएबलच्या घोषणेची सक्ती करणारी ‘स्ट्रिक्ट’ची शिस्तही येथे उपयोगी पडत नाही, कारण ‘ते’ला सर्वत्र मुक्तसंचाराचा परवाना आहे. शिवाय आतले लूप दरवेळी डोळ्यांसमोर असतेच असे नाही. पुष्कळदा ते दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या उपप्रोग्रॅममध्ये दडलेले असते; म्हणून ‘माय’ची खबरदारी बाहेरचे लूप लिहितानाच घेतलेली बरी.