कडेची बाई फोटोत हवी

आमच्या बैठकीच्या खोलीत आजेसासरे आणि आजेसासूबाईंचा मोठा फोटो आहे. दोघं दगडावर शेजारी शेजारी बसलेली, मागे जनुना तलावाचं पाणी. लग्न होऊन या घरात आले आणि पहिल्यांदा हार घालायला म्हणून तो जवळून पाहिला, तर उजव्या कडेला एक छोटंसं पाऊल हवेत लोंबकळताना दिसलं. बाळाचं. धड नाही, चेहरा नाही, नुसतं पाऊल!

सासूबाईंना विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, "तुह्या नवऱ्याचं हाये ते. मी तेथीच उभी होती, कडेवर घेऊन. मोठा करताना कापून टाकलं मले फोटोवाल्यानं."

मूळ फोटो त्यांच्या पत्र्याच्या पेटीत निघाला. तळहाताएवढा, पांढऱ्या किनारीचा आणि अगदी चौकोनी. १९७५ सालचा, चुलत सासऱ्यांनी कुणाकडून तरी मागून आणलेल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेला. आपल्याच देशात तयार होणारा हा कॅमेरा त्या काळी मध्यमवर्गीय घरांत लाडका होता. एका रोलात बारा फोटो निघायचे, सगळे चौरस. त्या फोटोत सासूबाई आहेत. बावीस वर्षांच्या, डोक्यावर पदर, कडेवर आमचे 'हे'. पुढे आजेसासरे गेले तेव्हा घाईघाईने त्याचा आठ बाय बाराचा उभा फोटो करून घेतला. आता हिशोब करा. बारा इंच उंचीचा चौरस रुंदीलाही बारा इंच असतो. कागद आठ इंचांचा, म्हणजे तिसरा हिस्सा फोटो कापावाच लागतो. त्या तिसऱ्या हिश्शात आमच्या सासूबाई गेल्या. आणि घरात इतकी वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही, मलासुद्धा नाही!

वाटलं ते गेल्या हिवाळ्यात. आमच्या बचत गटातली एक मावशी वारली. तीस वर्षं सरकीच्या ढिगात राबलेली बाई. तेराव्याला हार घालायला फोटो हवा, तर घरात तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. पोरीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत ती होती, पण मागच्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. आधारवरचा आपला फोटो कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. तिची सून म्हणाली, "ताई, ह्या आमच्या आईच वाटत नाहीत."

त्या रात्री लेकीचा जुना डिजिटल कॅमेरा कपाटातून काढला. ती शिकायला पुण्याला गेली, हाती मोबाईल आला, कॅमेरा पडून होता. ठरवलं, गटातल्या प्रत्येकीचा एकटीचा एक फोटो काढायचा. आणि चौकोनीच काढायचा. कारण विचाराल तर सुरुवातीला फक्त सासूबाईंचा तो छोटा फोटो डोक्यात होता. काढायला लागल्यावर कळलं की चौकोनाचे फायदे आणखीही आहेत.

पहिलं म्हणजे मांडी घालून बसलेली बाई चौकोनात अशी चपखल बसते की बघत राहावं! आडव्या फोटोत तिच्या दोन्ही बाजूंना जागा उरते. मग तिथे कुणीतरी येऊन उभं राहतं, नाहीतर मागची पाण्याची टाकी, मोटारसायकल, वाळत घातलेले कपडे दिसत राहतात. उभ्या फोटोत डोक्यावर नुसती भिंत. चौकोनात ती, तिचे हात आणि हातातलं काम. शेवया, सूप, गोधडी. "आमच्या ह्यांना पण घ्या ना" म्हटलं की मी कॅमेरा दाखवून सांगते, "जागाच नाही हो!"

आता कॅमेऱ्याचं सांगते. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या मेनूत 'आस्पेक्ट रेशो' नावाचं कलम असतं. तिथे ४:३, ३:२, १६:९ असे आकडे दिसतात. १:१ असेल तर ते निवडा, पडद्यावरच चौकोन दिसतो. नसेल तरी हरकत नाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या चिकटपट्टीचे सारखे तुकडे लावा, मधे चौकोन उरेल एवढे. फोटो पूर्णच निघेल, कडा नंतर कापायच्या. मी तर हेच पसंत करते, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. आमच्या घरात ते कुणाला सांगायला नको! कॅमेऱ्यात १:१ निवडलं की साध्या जेपेग फोटोच्या कडा तिथल्या तिथे जातात.

चौकोन केला की फोटोचा दर्जा कमी होतो का? थोडासा. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० बाय ३००० ठिपके. चौकोन केल्यावर ३००० बाय ३००० उरतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेल. त्यातून दहा बाय दहा इंचाची सुरेख प्रत निघते. भिंतीवर लावायला आणखी काय हवं?

फ्लॅश बंद. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर ओसरीत, दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवायचं. आपल्याकडचं दुपारचं ऊन फोटोत चेहऱ्यावर काळे खड्डे पाडतं. अगदी नाकाशी जाऊन काढू नका, नाक मोठं येतं. दोन-तीन पावलं मागे या आणि थोडं झूम करा.

खरी अडचण लाजण्याची. "कायले काढतं वं बाई माया फोटो, मी का नवरी हाये?" हे प्रत्येकीचं पहिलं वाक्य. कॅमेरा डोळ्याला लावला की त्या ताठ होतात, श्वास धरून बसतात. यावर उपाय मला होमाई व्यारावाला यांच्या फोटोत सापडला. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. १९४२ साली दिल्लीला गेल्या आणि साडी नेसून, खांद्याला कॅमेरा लावून नेहरू-गांधींचे फोटो काढत हिंडल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्याकडे रोलीफ्लेक्स होता, १९२९ साली जर्मनीत निघालेला दोन भिंगांचा कॅमेरा. तो पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. असा कॅमेरा उभा-आडवा करणं गैरसोयीचं, चौरस फोटोला ती कटकटच नाही. आणि फोटो काढणारा समोरच्याकडे रोखून बघत नाही, मान लववून असतो.

लेकीच्या कॅमेऱ्याचा पडदा वर वळतो. मी तो पोटाशी धरते, खाली बघते आणि गप्पा मारत राहते. कापसाला काय भाव मिळाला, मोठ्या देवीला यंदा पोरगी येणार का, असं काहीबाही. कोजागिरीचं नाव काढलं की चेहरे खुलतात, आणि मी बटण दाबते. पाच-सहा फोटोंत एक तरी छान निघतोच.

इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झालं तेव्हा तिथेही फक्त चौकोनी फोटो चालायचे, २०१५ पासून बाकीचे आकार आले. त्यामुळे लेकीच्या वयाच्या मुलींना चौकोन म्हणजे मोबाईलची गंमत वाटते. सासूबाईंची पेटी त्यांना दाखवायला हवी.

प्रिंटच्या दुकानात मात्र "मॅडम, असा साइज नसतो" ऐकायची तयारी ठेवा. वाद घालू नका. चार बाय चार इंचाचे सहा फोटो आठ बाय बाराच्या एका कागदावर बरोब्बर बसतात. तशी एकच शीट करून घ्यायची आणि घरी कात्रीने कापायची. आमच्या गटाचे असेच झाले. दोघींनी तर फोटो देव्हाऱ्यापाशीच लावून टाकले. एकीच्या मुलाने विचारलं, "माय, बाबाचा कुठी हाये?" ती म्हणाली, "त्याचे हायेत ना बाकी सगळे!"

सासूबाई सगळ्यांत शेवटी तयार झाल्या. ओसरीत सतरंजी टाकली, इरकल नेसवली. मी म्हटलं, "आई, मधे बसा." त्या सरकून उजव्या कडेला बसल्या. दोनदा सांगितलं, दोनदा पुन्हा कडेलाच. मामंजी गेल्याला सहा वर्षं झाली, पण त्यांच्या बाजूची जागा मोकळी सोडायची सवय काही जात नाही. मग मीही हट्ट सोडला. अर्ध्या चौकोनात त्या, अर्ध्यात सतरंजी आणि दारातून आलेलं ऊन.

प्रिंट आणायला निघाले तर मागून हाक आली, "त्या पोराले सांगजो वं, कड कापू नको म्हणा."