द्राक्षबागेचें शेवटचें टोंक : वाईनचें लहान दुकान

आपल्या राज्यांतील कोणत्याहि शहरांत जावें, 'वाईन शॉप' अशी पाटी चार-दोन ठिकाणीं तरी दृष्टीस पडतेच. जाळीच्या आंत उभा असलेला नोकर, बाहेर दाटीवाटीनें हात पुढें करणारीं माणसें, आणि मांडणीवर व्हिस्की, रम व बिअर यांच्या ओळी! वाईन मागणाऱ्यास कोपऱ्यांतली, उन्हानें तापलेली व धुळीनें माखलेली एखादी बाटली काढून देण्यांत येते. ज्या मालाच्या नांवानें पाटी लावली तोच माल दुकानांत सावत्र ठरावा, ही गोष्ट गमतीची खरी. पण द्राक्षें पिकविणाऱ्या आम्हां शेतकऱ्यांस तिच्यांत गमतीपेक्षां चिंतेचा भागच अधिक आहे. सबब, नांवाप्रमाणें खरोखरच वाईन विकणारें एखादें लहान दुकान कसें चालतें, याची माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. मद्यपानाची भलामण करणें हा या लेखाचा हेतु नाहीं. आपल्या घटनेच्या ४७ व्या कलमानें राज्यास मद्यनिषेधाची दिशा दाखविली आहे. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. आणि दारूनें धुळीस मिळालेलीं घरें आपल्यापैकीं प्रत्येकानें पाहिलेलीं आहेत. वाईनमध्यें मद्यार्काचें प्रमाण साधारण शेंकडा १२ ते १४ असतें, म्हणून ती निरुपद्रवी पेय आहे असें म्हणणेंहि खोटेपणाचें होईल. परंतु ज्या शेतकऱ्यानें कायद्यानें मान्य केलेल्या या धंद्यासाठीं आपली जमीन गुंतविली आहे, त्याला आपला माल शेवटीं कोणाच्या हातून व कसा विकला जातो हें कळलें पाहिजे, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

महाराष्ट्रांत या धंद्याचा आधुनिक पाया १९८० नंतरच्या दशकांत जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव येथें घातला गेला. नाशिकजवळ सुला या कारखान्याची स्थापना १९९९ सालीं झाली. राज्य सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाईन पार्कांची योजना झाली. पाहतां पाहतां कारखाने वाढले, बागा वाढल्या. पुढें जगभर मंदी आली. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला झाला, प्रवासी ओसरले, हॉटेलें ओस पडलीं आणि कारखान्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. आमच्या घरच्या दोन एकर बागेंतील शिराझचे घड त्यानंतरच्या एका हंगामांत वेलीवरच सुकले. ज्यानें करार केला होता तो कारखाना फिरकलाच नाहीं, आणि पुढील उन्हाळ्यांत आम्हीं आपल्या हातानें तो मांडव मोडला. अशा बागा मोडणारे आम्ही एकटेच नव्हतों.

खाण्याच्या द्राक्षांवर असा प्रसंग आला तर शेतकऱ्यास दोन-तीन वाटा तरी मोकळ्या असतात. थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका यांचा माल परदेशीं गेला नाहीं तर गांवच्या बाजारांत जातो; तेथेंहि भाव पडला तर त्याचा बेदाणा करतां येतो. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि पोटांत बिया. तो बाजारांत कोणी घेत नाहीं. त्याला कारखाना हें एकच गिऱ्हाईक, आणि कारखान्याला शेवटीं दुकानाची फळी हेंच एक दार. एका बाटलींत ७५० मिलिलिटर वाईन असते व तिला सुमारें सव्वा ते दीड किलो द्राक्षें लागतात. फळीवरून एक बाटली हलली, तरच मांडवावर सव्वा किलो द्राक्षांना जागा होते. त्या वेळीं सर्व दोष आम्हीं कारखान्यावर ठेविला होता. आतां वाटतें, साखळीचें शेवटचें टोंक कोठें आहे हें आम्हीं कधीं पाहिलेंच नव्हतें.

तें पाहण्यासाठीं गेल्या उन्हाळ्यांत आम्ही नाशिक शहरांतील एका लहान दुकानांत तीन दिवस बसलों. दुकानदार हा दिंडोरी तालुक्यांतील एका बागाइतदाराचा मुलगा. "काका, बसा, पण दार लावून घ्या, गारवा जातो," हे त्याचे पहिले शब्द. त्या एका वाक्यांत धंद्याचा अर्धा भाग आला. वाईन हा जिवंत माल आहे. तिला १२ ते १५ अंश सेल्सिअस इतकें थंड व सारखें हवामान मानवतें. आपल्याकडे वैशाखांत पारा चाळिशीस टेकतो. अशा उष्णतेंत कांहीं आठवडे ठेविलेली बाटली शिजल्यासारखी होते व तिचा ताजा वास जातो. उघडा सूर्यप्रकाशहि तिला बाधतो. पारदर्शक कांचेच्या बाटलीस तर विशेषच. बुचाची बाटली आडवी ठेवावी लागते, कारण बूच कोरडें पडलें कीं हवा आंत शिरते. फिरकीच्या झांकणाची बाटली उभी राहिली तरी चालते. वीज गेली तर दुकानदाराचा जीव टांगणीस लागतो. 'गाईम्हशी असलेल्याला जशी वैरणीची काळजी, तशी मला विजेची,' असें तो म्हणाला.

आतां जमाखर्चाकडे वळूं. पुढील आंकडे केवळ हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्येकानें ते आपल्या ठिकाणच्या भावानें बदलून घ्यावे. समजा, दुकानांत चाळीस प्रकारची वाईन आहे व प्रत्येकीच्या सहा बाटल्या आहेत, म्हणजे एकंदर २४० बाटल्या झाल्या. सरासरी खरेदी ६०० रुपये धरली तर १,४४,००० रुपयांचें भांडवल फळीवर अडकलें. रोज चार बाटल्या विकल्या तर हा माल एकदां फिरावयास साठ दिवस लागतात. बाटलीमागें १०० रुपये सुटले असें धरिलें तर महिन्याच्या सव्वीस दिवसांत १०,४०० रुपये हातीं येतात. त्यांतून जागेचें भाडें, वीज, नोकराचा पगार, परवान्याची फी व फुटतूट भागणें शक्य नाहीं. रोज बारा बाटल्या विकल्या तर माल वीस दिवसांत फिरतो व ३१,२०० रुपये सुटतात. तेव्हां कोठें दुकान उभें राहतें. छापील किंमतीपेक्षां अधिक घेतां येत नाहीं, म्हणून भाव वाढवून तोटा भरून काढण्याचा मार्ग बंदच आहे. लहान दुकानाचा जीव भावांत नसून फिरतीवर आहे, हें यावरून ध्यानांत यावें.

मग चार बाटल्यांच्या बारा कशा होतात? या दुकानदाराजवळ बिअर व वाईन अशा दोहोंचा परवाना आहे. पहिलीं दोन वर्षें भाडें बिअरनें भरलें, असें त्यानें मोकळेपणानें सांगितलें. पण वाईनचें गिऱ्हाईक त्यानें एकेक करून जोडलें, आणि तें बोलण्यानें जोडलें. आम्हीं बसलों असतां एक गृहस्थ आले व 'चांगली कोणती?' असें विचारूं लागले. मोठ्या दुकानांत यावर सर्वांत महाग बाटली पुढें येते. येथें दुकानदारानें उलट विचारलें, 'साहेब, जेवायला काय आहे?' घरीं तिखट रस्सा आहे असें कळतांच त्यानें तुरट, कोरडी तांबडी वाईन बाजूस सारली. तिखटाबरोबर तिचा तुरटपणा व मद्यार्क जिभेला अधिकच झोंबतात. त्यानें किंचित् गोडसर अशी शेनिन ब्लां दिली, आणि ती पहिल्या बाटलीच्या निम्म्या किंमतीची होती. तळलेल्या माशाला सोव्हिन्यों ब्लां आणि बेताच्या मसाल्याच्या मटणाला शिराझ, असें त्याचें साधें गणित आहे. आठ दिवसांनीं तेंच गिऱ्हाईक परत येतें. फिरत वाढते ती अशी.

त्याचे आणखी कांहीं नियम आम्हीं टिपून घेतले. पांढरी वाईन एक-दोन वर्षांत खपली पाहिजे. म्हणून जुन्या सालाची बाटली पुढें व नव्याची मागें, हा किराणा दुकानाचाच नियम येथेंहि पाळावा. बाटली उघडल्यावर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बिघडलें असें समजून वाद न घालतां बदलून द्यावी. उघडलेली बाटली झांकण लावून थंड कपाटांत ठेविली तर तीन-चार दिवस टिकते, हें गिऱ्हाइकास अवश्य सांगावें. नाहींतर एकाच रात्रीं संपविण्याचा मोह होतो. कायद्यानें ठरविलेल्या वयाखालील मुलास आणि आधींच झिंगलेल्या माणसास कांहींहि विकूं नये. आणि उधारी बंद! 'उधारीची बाटली दोनदां फुटते. एकदां माझ्या वहींत आणि एकदां त्याच्या घरांत,' असें तो म्हणतो. हें वाक्य आम्हांस फार आवडलें.

या धंद्यास कायद्याचा वाराहि जोराचा लागतो. मुंबई राज्यांत १९४९ सालीं झालेला दारूबंदीचा कायदाच आजच्या परवानापद्धतीचा पाया आहे. गांधीजयंतीस व मतदानाच्या काळांत दुकान बंद ठेवावें लागतें. हमरस्त्यापासून ५०० मीटरांच्या आंत मद्यविक्री नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१६ मध्यें दिला. पुढें २०१७ सालीं त्यांत सवलती मिळाल्या, तरी तोंवर कित्येक दुकानांस कुलुपें लागलीं होतीं. त्याच वर्षीं वस्तु व सेवा कर आला, पण मद्य त्यांतून वगळलेलें असल्यानें प्रत्येक राज्याचा कर निराळा आणि नोंदणीहि निराळी. लहान कारखान्यास दुसऱ्या राज्यांत माल पाठविणें त्यामुळें जड जातें व जवळच्या दुकानांवरच त्याची भिस्त राहते. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला. शेतकऱ्यांच्या हिताचें नांव पुढें करून तो मांडला गेला, त्यावर मोठा वाद उठला आणि तो रेंगाळला. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं एक प्रश्न सोडून दिला: विकणारा जाणता आहे कीं नाहीं? नुसती फळी वाढवून माल खपत नाहीं, आणि नुसती फळी बंद करून व्यसन थांबत नाहीं.

यांतून आपण बागाइतदारांनीं काय घ्यावें? पहिलें हें कीं, करार करण्यापूर्वीं कारखान्याची टाकी पाहतों तशी त्याची दुकानेंहि पाहावीं. त्याचा माल कोणत्या शहरांत, कोणत्या फळीवर आहे व त्यावर कोणत्या सालाची चिठ्ठी आहे, हें स्वतः जाऊन पाहावें. तीन वर्षांपूर्वींची पांढरी वाईन फळीवर धूळ खात असेल, तर पुढील हंगामांत आपले घडहि वाट पाहत राहतील हें समजावें. दुसरें, आपली सारी जमीन एका कारखान्याच्या जातीखालीं गुंतवूं नये. कांहीं भाग तरी खाण्याच्या द्राक्षांचा ठेवावा. तिसरें, ज्यांचीं मुलें शिकलेलीं आहेत व बोलण्यांत गोड आहेत, त्यांनीं मोठ्या कारखान्याचें स्वप्न पाहण्याआधीं विक्रीचें काम एक वर्ष दुसऱ्याच्या दुकानांत शिकावें. छाटणी केव्हां झाली, घड केव्हां उतरला, साखर किती भरली, हें शेतकऱ्याचा मुलगा जसें सांगेल तसें दुसरा कोणी सांगणार नाहीं. आणि गिऱ्हाइकास तेंच ऐकावयाचें असतें.

तिसऱ्या दिवशीं निघतांना आम्हीं फळीवरील एक शिराझची बाटली हातांत घेतली. चिठ्ठीवर गांवाचें नांव होतें; तें आमच्या शेजारच्या गांवाचें निघालें. मोडलेला मांडव आठवला. दुकानदारानें विचारलें, "काका, बांधून देऊं का?" आम्ही पीत नाहीं, असें आम्हीं सांगितलें. "मग जागेवर ठेवा," तो हंसून म्हणाला, "आडवी. आणि चिठ्ठी वर राहूं द्या. गांव दिसलें पाहिजे."

बाटली आम्हीं तशीच ठेविली. गांव दिसलें पाहिजे, हीच आमचीहि मागणी आहे.