खेळाडू मुलांचे रक्षण कोणी करावयाचे?

पंचकुला येथील एक चौदा वर्षांची मुलगी १२ ऑगस्ट १९९० रोजी आपल्या मैत्रिणीसह हरियाणा लॉन टेनिस असोसिएशनच्या कार्यालयात गेली. संघटनेच्या अध्यक्षांनी आदल्याच दिवशी तिच्या वडिलांची भेट घेऊन मुलीला विशेष प्रशिक्षण मिळवून देण्याचे आश्वासन दिले होते. अध्यक्षांनी मैत्रिणीला काही निमित्ताने बाहेर पाठविले आणि त्या मुलीचा विनयभंग केला. हे अध्यक्ष, एस. पी. एस. राठोड, त्याच राज्याच्या पोलिस दलात महानिरीक्षक होते.

पुढे जे घडले ते मूळ गुन्ह्याइतकेच विचार करावयास लावणारे आहे. राज्याच्या तत्कालीन पोलिस महासंचालकांनी महिन्याभराच्या आत चौकशी करून गुन्हा नोंदविण्याची शिफारस केली. परंतु गुन्हा नोंदला गेला तो १९९९ च्या डिसेंबरात. दरम्यान मुलीला शाळेने फी थकल्याचे कारण दाखवून काढून टाकले. तिच्या भावावर मोटारचोरीचे खटले भरण्यात आले. ते न्यायालयात टिकले नाहीत. १९९३ च्या डिसेंबरात त्या मुलीने विष घेऊन जीवन संपविले. राठोड मात्र बढती मिळवीत पोलिस महासंचालक झाले. २००९ साली ते दोषी ठरले, तेव्हा शिक्षा झाली सहा महिन्यांची. ती पुढल्या वर्षी दीड वर्षांवर नेण्यात आली; पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून भोगलेली कैदच पुरेशी मानली. मैत्रीण व तिचे आईवडील चिकाटीने लढले नसते, तर एवढेही झाले नसते.

एका अधिकाऱ्याच्या दुष्टपणाची ही कथा आहे असे म्हणून तिला बाजूला सारणे सोपे आहे. परंतु त्या मुलीला त्या कार्यालयात जाणे भाग पडले ते तो मनुष्य पोलिस अधिकारी होता म्हणून नव्हे, संघटनेचा अध्यक्ष होता म्हणून. संघटित खेळात मुलाचे भवितव्य किती थोड्या माणसांच्या मर्जीवर अवलंबून असते, याची कल्पना बाहेरच्यांना सहसा नसते. निवड चाचणीला कोणाला बोलवावे, संघात कोणाला घ्यावे, शिबिराला कोणाला पाठवावे, हे दोनचार पदाधिकारी व प्रशिक्षक ठरवितात. आपल्या महाराष्ट्रात दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ज्याच्या सहीने निघते, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य एखाद्या कारकुनाच्या वा शेतकऱ्याच्या मुलीने कोठून आणावे? वस्तादाचा शब्द अखेरचा मानण्याची आपली जुनी रीत आहे. तिच्यात गुणही पुष्कळ आहेत. परंतु मुलाला मारहाण झाली, उपाशी ठेवून वजन उतरविले गेले, तरी 'त्याच्या भल्यासाठीच' म्हणून पालक गप्प राहतात, तेही याच रीतीमुळे.

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींवर अत्याचार केले. २०१५ च्या उन्हाळ्यात संघटनेला तक्रार कळली, तेव्हा तिने एफबीआयकडे जाण्यास पाच आठवडे लावले. आणि एफबीआयच्या अधिकाऱ्यांनीही ती गांभीर्याने घेतली नाही, असे त्या देशाच्याच सरकारी चौकशीत २०२१ साली उघड झाले. २०१८ च्या जानेवारीत दीडशेहून अधिक स्त्रियांनी न्यायालयात आपली कहाणी सांगितली. ऑलिंपिक पदके जिंकणाऱ्या मुलींचीही ही गत. मग तालुका पातळीवर धावणाऱ्या मुलीची गोष्ट निराळी सांगावयास नको.

त्या प्रकरणानंतर अमेरिकेने जे केले, त्यातील एक साधा नियम येथे विशेष उपयोगी आहे. प्रौढ माणसाने अल्पवयीन खेळाडूशी एकांतात भेटावयाचे नाही. भेट दुसऱ्याला दिसेल व तिच्यात कोणालाही मध्येच येता येईल अशाच जागी व्हावी. या नियमास पैसा लागत नाही, समिती लागत नाही. १९९० साली पंचकुल्यात तो पाळला गेला असता, तर मैत्रिणीला बाहेर पाठविताच कोणीतरी प्रश्न विचारला असता. तक्रारी ऐकण्यासाठी अमेरिकेने संघटनांहून वेगळी यंत्रणाही उभारली. पण तिचा बराचसा खर्च ऑलिंपिक समितीच उचलते, त्यामुळे तिच्या स्वातंत्र्याविषयी शंका घेतली जाते, आणि ती अगदीच अनाठायी नव्हे.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने क्रीडासंकुले व स्पर्धेची मैदानेही कामाच्या ठिकाणांत मोजली आहेत, म्हणजे संघटनेत अंतर्गत तक्रार समिती हवीच. तरीही २०२३ साली कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या, त्यानंतर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कुस्ती महासंघासह अनेक क्रीडा संघटनांना अशा समित्यांविषयी नोटिसा पाठवाव्या लागल्या. २०२५ साली संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. परंतु बहुतेक मुले खेळतात ती जिल्हा संघटनेच्या आणि शाळेच्या मैदानावर, आणि दिल्लीतील धोरण तेथवर कोण पोहोचविणार, हा प्रश्न उरतोच.

शाळेपुरते तरी उत्तर कायद्यातच आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या 'पोक्सो' कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. 'प्रकरण शाळेतच मिटवू' असे म्हणण्याची मोकळीक मुख्याध्यापकाला नाही. संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवीत नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आंतरशालेय स्पर्धांसाठी संघ परगावी नेताना मुलींबरोबर शिक्षिका असावी, मुलांच्या निवासाच्या खोलीत प्रशिक्षकाने राहू नये, दुखापतीची तपासणी पालकासमोर किंवा दुसऱ्या शिक्षकासमोर व्हावी, एवढे तर सहलीच्या परिपत्रकातही लिहिता येते. आणि तक्रार करणाऱ्या मुलीचे नाव फीच्या थकबाकीत निघाले, तर ते यादीत कोणी व केव्हा घातले, हे शिक्षकांनीच विचारावयास हवे.