नेट नेमकं कुठे अडलंय?

सीएंची ऑफिसं, दवाखाने, पतसंस्था अशा छोट्या ठिकाणची नेटवर्कं मी बघतो. नेट कंपनीच्या फायबर डब्याला जोडून तिथे हल्ली एक लहानसा फायरवॉल राउटर असतो. बाहेरचं काय आत सोडायचं आणि काय अडवायचं, हे तो ठरवतो. साहजिकच नेट बंद पडलं की पहिला संशय त्याच्यावर.

इचलकरंजीतल्या एका सीएंकडे, ऐन रिटर्न भरायच्या गर्दीत, हेच झालं. कंपनीच्या माणसाने जुना डबा काढून नवा बसवला आणि अख्ख्या ऑफिसचं नेट गेलं. त्याने आपला लॅपटॉप थेट डब्याला लावला, तर नेट सुसाट. "लाइन ओके आहे साहेब, तुमचा फायरवॉल गेला," असं सांगून तो निघून गेला. लाइन ओके होती, पण फायरवॉलही गेला नव्हता.

अशा वेळी बाहेरून आत तपासत यावं. डब्यावरचा एलओएस दिवा लाल असेल तर दोष फायबरच्या लाइनचा. आत काही शोधू नका. तो ठीक असेल तर फायरवॉलच्या स्क्रीनवर वॅनला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, कुठला पत्ता मिळालाय ते बघा. पत्ताच नसेल तर केबल किंवा लॉगिन तपासा. पत्ता आहे, 8.8.8.8 कडून पिंगचं उत्तरही येतंय, तरी साइट उघडत नाही? मग बहुतेक गडबड डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची.

सीएंकडे वॅनचा पत्ता होता 192.168.1.3, आणि फायरवॉलचा आतल्या बाजूचा 192.168.1.1. दुखणं इथेच होतं. 192.168 ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत. घरोघरी तेच असतात आणि त्याने काही बिघडत नाही. पण एकाच राउटरच्या आत आणि बाहेर तीच मालिका आली की कुठलं पाकीट कुठल्या दाराने धाडायचं, हे त्याला ठरवता येत नाही. जुना डबा 192.168.100 ची मालिका वाटायचा, नवा 192.168.1 ची वाटू लागला. एवढाच फरक.

ऑफिसातला मुलगा टाचणी घेऊन रिसेट करायला निघाला होता. त्याला वेळीच थांबवलं. रिसेटने सगळे नियम पुसले गेले असते आणि आतला पत्ता पुन्हा 192.168.1.1 च आला असता. मी आतली मालिका बदलून 192.168.50 केली आणि नेट लगेच आलं. खरा वेळ खाल्ला तो प्रिंटर आणि टॅलीच्या सर्व्हरने. दोघांचे पत्ते हाताने घातलेले होते, ते प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन बदलावे लागले.

तुमच्याकडे असा फायरवॉल असेल तर त्याच्या सेटिंगचा बॅकअप आजच पेनड्राइव्हवर घ्या आणि आतला-बाहेरचा पत्ता वहीत लिहून ठेवा. डबा बदलायला माणूस आला, तर तो जिना उतरायच्या आत दोन्ही पत्ते ताडून बघा.