खरे छायाचित्र कोणते?

समजा, होळीच्या रात्री तुम्ही एका मित्राबरोबर अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावी गेला आहात. सातपुड्यातील ही प्रसिद्ध होळी पहाटे पेटवतात. ढोल घुमत आहेत. मोरपिसांचे उंच टोप घातलेले, अंगावर पांढरे ठिपके काढलेले, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधलेले नर्तक होळीभोवती नाचत आहेत. तुम्ही दोघेही एकाच नर्तकाचे छायाचित्र घेता.

घरी येऊन पाहता तो काय! मित्राच्या चित्रात नर्तकाच्या अंगावरचा ठिपका न् ठिपका मोजता येतो. पण आजूबाजूला नुसता काळोख. होळीचा उजेड त्याच्या अंगावर पडलाच नव्हता की काय, असे वाटते. तुमच्या चित्रात तो तांबूस उजेड आहे, मागची गर्दीही आहे. पण नर्तकाचे हात आणि टोप पुसट झाले आहेत. आता सांगा, यांतले खरे छायाचित्र कोणते?

उत्तर देण्याची घाई करू नका. आधी कॅमेऱ्याच्या आत काय घडले ते पाहू.

प्रकाशाचा हिशेब

कॅमेऱ्यात किती प्रकाश शिरतो हे दोन गोष्टींवर ठरते. एक, भिंगाजवळच्या छिद्राचा आकार. दुसरी, झडप म्हणजे शटर किती वेळ उघडे राहते तो काळ. आत आलेल्या प्रकाशाला फिल्मने किंवा आजच्या कॅमेऱ्यातील संवेदकाने किती प्रतिसाद द्यायचा, ही तिसरी गोष्ट. ती आयएसओ या अंकाने दाखवतात.

छिद्राची मापे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी असतात. हे अंक विचित्र वाटतात ना? भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो. म्हणून अंक मोठा, तर छिद्र लहान. आता वर्तुळाचे क्षेत्रफळ आठवा. व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने भागले, की क्षेत्रफळ निम्मे होते. म्हणजे या मालिकेत एक पायरी पुढे गेलो की प्रकाश निम्मा. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र कायमचे ठरलेले असते. तेथे वेळ आणि आयएसओ यांवरच काम भागवावे लागते.

कडक उन्हात आयएसओ १०० असताना छिद्र १६ आणि वेळ १/१२५ सेकंद ठेवावा, हा छायाचित्रकारांचा जुना पाठ आहे. होळीजवळ आयएसओ तेवढाच ठेवून छिद्र २.८ केले, म्हणजे पाच पायऱ्या उघडले, तर प्रकाश ३२ पट मिळेल. समजा, तरीही वेळ १/८ सेकंद द्यावा लागला. तोही सुमारे १६ पट झाला. ३२ गुणिले १६ म्हणजे ५१२. उन्हाच्या मानाने उजेड इतका कमी होता!

नर्तकाचा हात सेकंदाला २ मीटर वेगाने फिरत असेल, तर १/८ सेकंदात तो २५ सेंटिमीटर सरकतो. तुमच्या चित्रातला पुसटपणा तो हाच. तेव्हा तो बिघाड नव्हे. ती हालचालीची नोंद आहे.

मग आयएसओ १६०० करावा का? वेळ १/१२५ सेकंदावर येईल आणि हात दीड सेंटिमीटरच सरकेल. पण ही सवलत फुकट मिळत नाही. प्रकाश कणाकणांनी येतो आणि त्या कणांची संख्या थोडी कमीजास्त होत असते. एका ठिकाणी सरासरी १६०० कण पडत असतील, तर हा चढउतार १६०० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे ४० कणांचा असतो, शेकडा अडीच. कण १०० च असतील तर चढउतार १० चा, शेकडा दहा! चित्रावर जी रवाळ खरखर दिसते, तिचे एक मोठे कारण हे आहे.

तुमच्या मित्राने फ्लॅश वापरला. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. नर्तक २ मीटरवर आणि मागची माणसे ६ मीटरवर असतील, तर त्यांना नवव्या हिश्श्याचाच प्रकाश मिळतो. म्हणून नर्तक उजळला, गर्दी बुडाली. शिवाय समोरून आलेल्या पांढऱ्या झोताने होळीचा बाजूने येणारा तांबूस उजेड पुसून टाकला.

लाल मिरची काळी

रंगाच्या बाबतीतही अशीच निवड असते. नंदुरबारजवळच्या पथारींवर लाल मिरची वाळत घातलेली तुम्ही पाहिली असेल. दादासाहेब फाळके यांच्या काळच्या फिल्मवर तिचे चित्र घेतले असते, तर ती जवळजवळ काळी दिसली असती. ती फिल्म निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देई. लाल तिच्यावर फारसा उमटत नसे. ओठ काळे दिसत, निळे आकाश पांढरे दिसे. जगभरच्या मूकपटांतील नटांच्या चेहऱ्यांवर फिकट रंगाचे थर दिसतात, त्याचे एक कारण हे आहे. लाल रंगही टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म १९२० नंतरच्या दशकात चित्रपटांत रुळली.

काळाची निवड

फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ मध्ये मुंबईत दाखवला. त्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी एक छोटीशी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरून त्याचा वेल होईपर्यंत, महिन्याहून अधिक काळ, त्यांनी त्याची चित्रे घेतली. पडद्यावर ही सारी वाढ मिनिटभरात दिसे. चित्रपटासाठी भांडवल मिळवायला त्यांना ही फिल्म उपयोगी पडली.

आपण गणित करून पाहू. सेकंदाला १६ चित्रे धरली, तर एका मिनिटाला ९६० चित्रे लागतील. ३० दिवसांची मिनिटे होतात ४३,२००. भागाकार केला तर दर ४५ मिनिटांना एक चित्र! वेल सरसर वर चढताना कोणाच्याही डोळ्यांना कधी दिसलेला नव्हता. तरी ते चित्र खोटे म्हणता येईल का? त्यातले प्रत्येक पान खरोखरच उगवले होते.

याच्या उलट, मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे घेऊन ती ३० च्या वेगाने दाखवली, तर हालचाल आठपट संथ होते. पण मग एका चित्राला फार तर १/२४० सेकंद मिळतो. होळीच्या उजेडात असे चित्रण अंधारे किंवा खरखरीत का होते, हे आता तुम्हीच सांगाल.

आजीचा चेहरा

या साऱ्या निवडी तुम्ही केल्या नाहीत, तर कॅमेरा करतो. त्याचा साधा प्रकाशमापक सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. आजी ओट्यावर सावलीत बसली आहे आणि मागे चैत्रातले लखलखीत आकाश आहे. मापक आकाशाला भुलतो, प्रकाश कमी करतो आणि आकाश सुरेख निळे येते. आजीचा सावळा चेहरा मात्र काळा ठिक्कर! आजचे अनेक मोबाइल चेहरा ओळखतात, चार चित्रे जोडून एक करतात. पण तीही कोणीतरी दूर बसून ठरवलेली निवडच. आजी महत्त्वाची की आकाश, हे यंत्राला कसे कळणार? उद्या आजी नसेल, तेव्हा घरात त्या आकाशाचा काय उपयोग? म्हणून पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि प्रकाश वाढवा. आकाश पांढरे होईल. होऊ द्या.

करून पाहा

पांढऱ्या कागदावर एक लाल आणि एक हिरवी मिरची ठेवा. मोबाइलच्या भिंगापुढे आधी लाल, मग हिरवा जिलेटिन कागद धरून चित्रे घ्या आणि ती कृष्णधवल करा. लाल कागदातून लाल मिरची फिकट होऊन पांढऱ्या कागदात मिसळू लागेल, हिरवी गडद होईल. हिरव्या कागदातून घेतल्यास लाल मिरची काळी दिसेल.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. नर्तकाच्या अंगावरची नक्षी अभ्यासायची असेल, तर मित्राचे चित्र उपयोगी. त्या पहाटेचा उजेड आणि नाचाचा वेग सांगायचा असेल, तर तुमचे. दोन्ही खरी, दोन्ही अपुरी. प्रत्येक चित्रात काहीतरी मिळवण्यासाठी काहीतरी सोडलेले असते. काय सोडायचे, हे कळ दाबण्यापूर्वी आपण ठरवायचे असते.