पाळीव मांजरांतील पिसवाजन्य जिवाणूसंसर्ग : एक विवेचन

प्रस्तावना :
कन्हान परिसरात धान्याचे उंदरांपासून रक्षण करणारा प्राणी म्हणून मांजराला घरात मुक्त प्रवेश असतो. मात्र त्याच्या अंगावरील पिसूही त्याच्यासोबत घरात येते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात या पिसवांमुळे होणाऱ्या जिवाणूसंसर्गाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. १८९८ मध्ये फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमॉन यांनी उंदरावरील पिसू ही प्लेगची वाहक असल्याचे प्रयोगाने दाखविले. पुढे १९०८ मध्ये अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी प्लेगप्रतिबंधासाठी मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला. मांजर असेल तेथे उंदीर कमी, म्हणून प्लेगही कमी, असा हा तर्क होता. परंतु मांजरालाही प्लेग होतो, ही त्याची दुसरी बाजू होय. पश्चिम अमेरिकेत १९७७ ते १९९८ या काळात २३ व्यक्तींना मांजरांपासून प्लेग झाला व त्यांपैकी ५ दगावल्या.

प्रमुख संसर्ग :
आज अधिक आढळणारा जिवाणू म्हणजे बार्टोनेला हेन्सेली. तो पिसवेच्या विष्ठेतून बाहेर पडतो, अंग खाजविताना मांजराच्या नखांत जातो आणि ओरखड्यावाटे माणसाच्या शरीरात शिरतो. १९९६ मधील एका प्रयोगात बाधित मांजरांवरील पिसवा निरोगी पिलांवर सोडल्या असता पिलांना संसर्ग झाला. पिसवा नसताना केवळ सहवासाने तो झाला नाही. बाधित मांजर बहुधा निरोगीच दिसते. रिकेट्सिया फेलिस हा जिवाणू पिसवेच्या एका पिढीतून पुढच्या पिढीत उतरतो व माणसात ताप निर्माण करतो. मायकोप्लाझ्मा हीमोफेलिसमुळे मांजराला रक्तक्षय होतो. त्याच्या प्रसारात पिसवेचा वाटा असावा, असे मानले जाते.

निदानातील अडचण :
ओरखड्यानंतर काही दिवसांनी काखेत किंवा मानेत गाठ येते, ताप येतो. आपल्याकडे अशा गाठीबाबत प्रथम क्षयरोगाची शंका घेतली जाते आणि ती रास्तच आहे. तथापि घरात मांजर आहे काय, हा प्रश्न विचारला न गेल्यास खरे कारण दृष्टिआड राहू शकते. निरोगी व्यक्तीत हा आजार बहुधा आपोआप बरा होतो. रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांत मात्र तो गंभीर रूप धारण करतो.

प्रतिबंध :
पिसवेची अंडी, अळ्या व कोष मांजराच्या अंगावर नव्हे, तर अंथरुणात व जमिनीच्या भेगांत असतात. म्हणून केवळ मांजराला औषध लावणे पुरेसे नाही; अंथरुणे गरम पाण्याने धुणे व घर नियमित झाडणेही आवश्यक ठरते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नये. ते त्याच्या जिवावर बेतते. औषधाची निवड पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावी. ओरखडा साबणाने त्वरित धुवावा.

निष्कर्ष :
मांजराला घराबाहेर काढणे हा यावरील उपाय नव्हे. तसे केल्यास उंदीर वाढतील आणि मूळ प्रश्न पुन्हा उभा राहील. मांजर राखावे, पिसू घालवावी, हेच इष्ट होय. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांतून प्राध्यापकांनी हा विषय विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचविल्यास तो केवळ प्राणिशास्त्राच्या वर्गापुरता मर्यादित राहणार नाही.