उंबरठ्यावरची मुलं – भाग 7 : विसळणीचं पाणी

मित्रांच्या गटाचा या वयातल्या मुलांवर किती जोर चालतो, ते मागच्या भागात पाहिलं. ते वाचून अनेक आईवडील एकच विचारतात : मग आमच्या हातात उरलं काय? पुष्कळ उरलं आहे. ते कसं, हे बघायला या आठवड्यात औंधला जाऊ.

यमाईच्या डोंगराखालचं, खटाव तालुक्यातलं हे गाव 1948 पर्यंत संस्थानाची राजधानी होतं. संस्थानाची गावं एकसलग नव्हती. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी आणि कुंडलही त्यातलीच. 1909 साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रं काढत, कीर्तन करत आणि सूर्यनमस्कारांचा प्रचार तर ध्यास घेतल्यासारखा करत. संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे होते. सक्तीनं मुलांचं अंग वाकतं, मन वाकेलच असं नाही. तरी औंधचा नमस्कार लोकांच्या आठवणीत राहिला. मला त्याचं कारण साधं वाटतं. राजा स्वतः रोज नमस्कार घालत होता, आणि वाड्यातली माणसंही घालत होती. चौदा-पंधरा वर्षांचं मूल आपलं बोलणं ऐकत नाही अशी आपली तक्रार असते. पण ते आपल्याकडे टक लावून बघत असतं. बोलणं आणि वागणं यांत बोटभर फट दिसली, तरी त्याला ती बरोबर सापडते.

बाळासाहेबांचे 1912 साली जन्मलेले चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर होऊन परतले. घरची शिस्त अंगात मुरलेली होती, पण आता सोबत प्रश्नही आले होते : राज्य एकाच घराण्याचं का असावं? मॉरिस फ्रिडमन हा पोलिश इंजिनिअर आणि महात्मा गांधी यांचं मार्गदर्शन मिळालं. सत्तरीतल्या बाळासाहेबांनी मुलाचं ऐकलं आणि जानेवारी 1939 मध्ये नव्या राज्यघटनेनं कारभार रयतेच्या हाती सोपवला. संस्कार वरून खाली येतात, असं आपण धरून चालतो. औंधच्या वाड्यात ते खालून वरही गेले. वयात आलेल्या मुलाचा प्रश्न म्हणजे उद्धटपणा असं न मानणारा बाप सत्तराव्या वर्षीही शिकतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुलानं प्रश्न विचारणं इतकं महत्त्वाचं का? जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञानं 1966 मध्ये तरुणांच्या ‘मी कोण’ या शोधाच्या चार अवस्था मांडल्या. त्यातल्या एकीत मूल घरची मतं जशीच्या तशी उचलतं, स्वतः पारखून बघत नाही. वरून बघणाऱ्याला ते गुणी, शहाणं दिसतं. दुसरीत ते शोधतं, अडखळतं, घरच्यांशी वाद घालतं आणि मग काही गोष्टी आपल्या म्हणून धरतं. आपल्या घरांतून पहिल्या मुलाचं कौतुक होतं आणि दुसऱ्याला बोलणी बसतात.

असाच शोधणारा, दापोलीजवळच्या पालगडचा पांडुरंग साने शिक्षणासाठी काही काळ औंधला होता. परगाव, गरिबी, पोटाचे हाल, आणि आई दूर कोकणात. आईनं दिलेली माया आणि सचोटी त्याच्यासोबत आली होती. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यानं ‘श्यामची आई’ लिहिलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या समाजात तो वाढला, त्यात सोवळंओवळंही होतं. ते त्यानं सोडलं. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा ते आईची माया घेऊन समाजाच्या रूढीशी लढत होते.

वारसा नेहमी मायेचाच असतो असंही नाही. शंकरराव खरात 1921 साली आटपाडीत, संस्थानातल्या महार कुटुंबात जन्मले. गावकीनं त्या घराला वारशानं दिलेलं तराळकीचं काम त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं. ‘तराळ अंतराळ’ या आत्मकथेच्या नावातच ते काम आहे. हा वारसा नाकारायला शाळेनं आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारानं बळ दिलं. अशा मुलाला ‘रीत मोडू नकोस’ म्हणणं हा संस्कार नव्हे, अन्याय आहे.

औंधच्या बाजूला ओळखीच्या एका घरी गेल्या पावसाळ्यात दोन रात्री राहिलो. पहाटे म्हशीची धार काढून झाली, दूध किटलीत ओतलं. चरवीच्या कडांना दूध चिकटलेलं होतं. घरच्या वहिनींनी चरवीत वाटीभर पाणी घालून ती विसळली आणि ते पांढरट पाणी सरळ म्हशीच्या आंबोणात ओतलं. किटलीत ओतलं असतं, तर डेअरीवर कुणाला कळलंही नसतं. नववीतला मुलगा सायकल धरून उभा होता, त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. आई काही बोलली नाही, यानंही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींना ताप भरला. धार मुलानंच काढली. मी ओसरीवर होतो, अंधारात त्याला दिसत नव्हतो. किटली भरून झाली, त्यानं चरवी विसळली, क्षणभर हातात तशीच धरली आणि आंबोणाकडे वळला.